पिंजऱ्यावरचा शेरा

आजचा विषय कुत्र्यांचा आहे, पण गोंडस पिल्लांचा नाही. शेल्टरमध्ये पिल्लांसमोर गर्दी असतेच. मी बोलणार आहे ते रांगेतल्या शेवटच्या पिंजऱ्यातल्या कुत्र्याबद्दल. वय आठ-दहा वर्षं, तोंडावरचे केस पांढरे, मालकाने स्वतः आणून सोडलेला, आणि कार्डावर शेरा: 'वर्तनाची समस्या'.

हा विषय आपल्या घरांपासून फार लांब नाही. मुलं 'आई, कुत्रा आणू या ना' म्हणून मागे लागतात. दुसरीकडे, ज्यांच्याकडे कुत्रा आहे अशा घरात बाळ येतं, नोकरी जाते, व्हिसाचा प्रश्न येतो, किंवा भारतात परतायचं ठरतं. दोन्ही घरांतल्या लोकांनी हे ऐकावं अशी माझी इच्छा आहे.

मी व्यवसायाने आयटी सल्लागार. गेली काही वर्षं शनिवारी सकाळी बे एरियातल्या एका शेल्टरमध्ये कुत्र्यांना फिरवायला जातो. मी व्हेट नाही की प्रशिक्षक नाही. जे तिथे पाहिलं आणि नंतर वाचलं, तेवढंच सांगतो.

आधी एक व्यवहाराची गोष्ट. रस्त्यावर सापडलेल्या कुत्र्याला अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत काही दिवस राखून ठेवावं लागतं, कारण मालक शोधत येण्याची शक्यता असते. मालकानेच सही करून सोडलेल्या कुत्र्यासाठी कोण येणार? त्यामुळे अनेक ठिकाणी ही मुदत त्याला मिळत नाही. त्यात तो म्हातारा आणि गुरगुरणारा असेल, शेल्टरमध्ये जागाही अपुरी असेल, तर कायमचं झोपवण्याच्या यादीत त्याचं नाव लवकर येतं. कार्डावरच्या दोन ओळींवर जीव अवलंबून असतो, तो असा.

आमच्याकडे एक नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर मिश्र जातीचा कुत्रा आला होता. त्याला आपण रस्टी म्हणू. कार्डावर लिहिलं होतं: लहान मुलावर गुरगुरतो, हात लावला की चावायला येतो, घरात लघवी करतो. हे वाचून कोणतं कुटुंब तिथे थांबेल?

आमच्या कामात ग्राहक तिकीट टाकतो, 'रिपोर्ट उघडत नाही'. तिकिटात लक्षण असतं, कारण आपल्याला शोधावं लागतं. शेल्टरच्या व्हेटने तेच केलं. एक्स-रेमध्ये दोन्ही खुब्यांत संधिवात दिसला. मागची एक दाढ किडलेली होती आणि लघवीत जंतुसंसर्ग होता. मालकांच्या अर्जात एक वाक्य होतं: नुकतंच चालायला लागलेलं बाळ त्याला धरून उभं राहतं. आता तिन्ही तक्रारी परत वाचा. बाळ ज्या पाठीवर भार टाकत होतं, तीच दुखत होती. 'लांब हो' एवढंच तो सांगत होता.

त्या मालकांना मी नावं ठेवणार नाही. घरात रांगतं-चालतं मूल आणि गुरगुरणारा कुत्रा असेल तर कोणत्याही आईबापाला झोप लागणार नाही. पण दुखणं हे कारण किती वेळा असतं, हे आपल्याला माहीत असायला हवं. ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठाचे डॅनियल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली लिहिलं की वर्तनाच्या तक्रारीसाठी तज्ज्ञांकडे पाठवलेल्या प्राण्यांपैकी, हात राखून सांगायचं तरी, साधारण एक तृतीयांश प्राण्यांना काहीतरी दुखत असतं. काही ठिकाणच्या नोंदींत हा आकडा ८० टक्क्यांच्या जवळ जातो.

दुसरं कारण वयाचं. कुत्र्यांनाही आपल्या आजी-आजोबांसारखं ऐकू कमी येतं, दिसायला कमी येतं, विसर पडतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांना २००१ साली ११-१२ वर्षांच्या २८ टक्के आणि १५-१६ वर्षांच्या ६८ टक्के कुत्र्यांत अशा विस्मरणाची किमान एक खूण आढळली. रात्री घरभर फिरणं, कोपऱ्यात अडकून उभं राहणं, ठरलेली जागा सोडून लघवी करणं, हे हट्टीपणाने होत नसतं.

तिसरं कारण म्हणजे शेल्टर. दिवसभर भुंकणं, सिमेंटची जमीन, अनोळखी वास, आणि नऊ वर्षांची माणसं एका दुपारी नाहीशी झालेली. अशा जागी घेतलेली परीक्षा कितपत खरी मानायची? गॅरी पॅट्रोनेक आणि जेनिस ब्रॅडली यांनी २०१६ साली शेल्टरमधल्या वर्तन-चाचण्यांचा हिशोब मांडला. त्यांचा निष्कर्ष असा की कुत्रा पुढे घरात कसा वागेल हे या चाचण्यांवरून सांगणं म्हणजे जवळजवळ नाणेफेकच. म्हणून रस्टीला उपचारांनंतर एका स्वयंसेवकाच्या घरी काही आठवडे ठेवलं. खरी माहिती तिथे मिळाली. लघवीचा प्रश्न औषधाने संपला. जागेपणी कुणीही हात लावला तरी चालत होतं. झोपेत हात लावला की मात्र तो गुरगुरतच राहिला.

आपल्याकडे म्हणतात, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. काही बाबतीत ते खरं आहे. रस्टी पूर्ण बदलला नाही. त्याला निवृत्त जोडप्याने नेलं. घरात लहान मूल नाही. तो झोपला असेल तर ते आधी जमिनीवर पाय आपटतात, जाग आली की मगच जवळ जातात. शेपूट वाकडंच राहिलं, पण सगळ्यांचं छान चाललं आहे.

आता स्पष्ट बोलतो. प्रत्येक घराने असा कुत्रा आणावा असं मी सांगणार नाही. घरात पाच वर्षांच्या आतलं मूल असेल, किंवा भारतातून आलेल्या आईंना कुत्र्याची भीती वाटत असेल, तर चावलेला कुत्रा आणू नका, मन कितीही हळवं झालं तरी. कॅलिफोर्नियात २०२० पासून कायदा आहे: कुत्र्याने माणसाला रक्त येईपर्यंत चावल्याची नोंद असेल तर शेल्टरने ती दत्तक घेणाऱ्याला लेखी कळवावी लागते. तुमच्या राज्यात कायदा असो वा नसो, विचारा. चावला तेव्हा नेमकं काय चाललं होतं? दात, सांधे, कान तपासले का? तो कुणाच्या घरी राहून आला आहे का?

आणलात, तर घाई करू नका. शेल्टरवाले तीन-तीन-तीन म्हणतात: पहिले तीन दिवस बावरलेला, तीन आठवड्यांत घराची पद्धत कळते, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. हा अंदाज आहे, म्हाताऱ्याला जास्त वेळ लागू शकतो. घर पाहायला पहिल्याच शनिवारी वीस माणसं बोलावू नका. त्याचं ताट आणि झोपायची जागा मुलांपासून वेगळी ठेवा. गुरगुरला तर ओरडू नका. इशारा द्यायचं त्याने बंद केलं तर थेट चावेल. प्राणी-वर्तन क्षेत्रातल्या अमेरिकन पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ साली स्पष्ट सांगितलं आहे की शिक्षेऐवजी बक्षीस देऊनच शिकवावं. आणि दुखतंय म्हणून घरातली आयब्युप्रोफेन किंवा भारतातून आणलेली क्रोसिन देऊ नका. कुत्र्याला ती विषासारखी बाधू शकते.

शेवटी, ज्यांच्या मनात कुत्रा सोडायचा विचार आहे त्यांच्यासाठी. आधी व्हेटकडे जा आणि 'याला काही दुखतंय का' एवढा एकच प्रश्न विचारा. भारतात परतत असाल तर काही महिने आधी तयारी सुरू करा. मायक्रोचिप, रेबीजची लस, आरोग्य प्रमाणपत्र आणि भारताच्या पशु विलगीकरण विभागाचं ना-हरकत पत्र, एवढं जमवलं तर कुत्रा नेता येतो. नेणं शक्य नसेल, तर ओळखीत किंवा सॅन फ्रान्सिस्कोतल्या मटव्हिलसारख्या, म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेत विचारा.

आणि शेल्टरचा अर्ज भरायचीच वेळ आली, तर लाज वाटून काही लपवू नका. फक्त 'चावतो' लिहून सही करू नका. केव्हा, कुठे हात लावला की, कुणावर, आणि त्याला काय आवडतं, तेही लिहा. रस्टीच्या अर्जातल्या बाळाबद्दलच्या एका वाक्याने व्हेटला दिशा मिळाली. तुमच्या अर्जातलं असंच एखादं वाक्य तुमच्या कुत्र्याच्या उपयोगी पडेल.