गोंगाटातील श्रवणप्रशिक्षण

निरोगी अंतःकर्णातील शंखाकृती भागात, म्हणजे कॉक्लियात, ध्वनी टिपून त्याची वार्ता मेंदूकडे धाडणाऱ्या सुमारे ३,५०० केशपेशी असतात. ऐकू येण्यासाठी कानात बसवलेल्या कॉक्लिअर इम्प्लांट या उपकरणात हे काम बहुधा १२ ते २२ इलेक्ट्रोडवर येते, आणि शेजारशेजारचे विद्युतप्रवाह एकमेकांत मिसळत असल्याने आवाजांतील बारीक स्वरभेद पुसट होतात. शांत खोलीत या भेदांवाचून पुष्कळदा निभावते. लग्नाच्या पंगतीत मात्र समोरच्याचे बोलणे इतरांच्या बोलण्यातून वेगळे काढणे जड जाते. म्हणून श्रवणप्रशिक्षणात आधी शांततेत ‘पान’ आणि ‘कान’ यांसारख्या जोड्या ओठांकडे न पाहता ओळखायला देतात, मग पार्श्वभूमीला पंख्याची एकसुरी घरघर आणि पुढे अनेकांचा कलकलाट लावतात. बोलणे गोंगाटापेक्षा किती मोठे, हे सांगणाऱ्या ‘संकेत-गोंगाट गुणोत्तरा’त आरंभी समजा १० डेसिबलची सवलत ठेवली, तर उत्तरे जमू लागतील तशी ती शून्याकडे, म्हणजे दोन्ही आवाज तुल्यबळ होतील तिथवर, आणली जाते. सरावात साधलेली प्रगती अनोळखी आवाज ऐकताना टिकतेच असे नाही, त्यामुळे बोलणारे बदलत ठेवणे इष्ट. शिवाय निव्वळ सरावावर भिस्त ठेवण्यापेक्षा बोलणाऱ्याच्या छातीशी लावलेला बिनतारी मायक्रोफोन पुष्कळदा अधिक उपयोगी पडतो.