निकाहाआधी एक रक्ततपासणी



डहाणू-तलासरीतल्या आरोग्य शिबिराबद्दल बोल, असं मला सांगितलंय. एकाच रविवारचं सांगतो, कारण त्या दिवशीचा एक प्रश्न तुमच्या-माझ्या घरातलाही आहे.

तलासरी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत सिकलसेलची तपासणी होती. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे माझ्याकडे नोंदणी आली. नाव, वय, पाडा. अकराच्या सुमारास नेटवर्क गेलं, ॲप बंद पडलं. मग वही काढली. तेवढ्यात रांगेत कुणीतरी म्हणालं, हे लोक रक्त विकतात. दहा-बारा बाया उठून चालू लागल्या. आशाताईंनी भाषण दिलं नाही. सगळ्यांसमोर स्वतःचं बोट पुढे केलं आणि वारलीत दोन वाक्यं बोलल्या. रांग पुन्हा लागली.

तपासणी साधी आहे. रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात टाकायचा. सिकल हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होतं, मागच्या कागदावरच्या रेषा दिसत नाहीत. पण वाहक कोण आणि रुग्ण कोण, हे त्यावरून कळत नाही; त्यासाठी पुढची चाचणी लागते.

दुपारी एका मुलाला मोटरसायकलवर मधे बसवून आणलं. गुडघे आणि पाठ इतकी दुखत होती की त्याला पाय टेकवत नव्हता. डॉक्टरांनी सलाईन लावून त्याला डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात हलवलं. सोबत मी गेलो. वाटेत त्याच्या वडिलांनी विचारलं, "आम्हा दोघांना तर काहीच त्रास नाही, मग पोराला कुठून आलं?"

उत्तर असं : आई-वडील दोघंही वाहक असू शकतात. वाहक आजारी नसतो, म्हणून त्याला पत्ताच नसतो. दोघं वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता 25 टक्के.

आता आपल्याकडे वळू. थॅलेसेमिया अगदी असाच पुढच्या पिढीत जातो. त्यातल्या गंभीर प्रकारात मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. आपल्यात चुलत-मामे-मावस भावंडांचे निकाह होतात. एकाच आजी-आजोबांकडून आलेला दोष अशा जोडप्यात दोघांकडेही असण्याची शक्यता वाढते. असा निकाह जायज आहे, फर्ज नाही. आणि करायचाच असेल, तर तपासून करा. नात्याबाहेर करत असाल तरीही तपासा.

"लोक काय म्हणतील?" सौदी अरेबियात 2004 पासून लग्नाआधी सिकलसेल आणि थॅलेसेमियाची तपासणी सक्तीची आहे. निकाल काहीही आला तरी लग्न करायचं की नाही, हे जोडपंच ठरवतं. इराणमध्ये थॅलेसेमियाची तपासणी 1997 पासून सक्तीची आहे. तिथे दीन बुडाला नाही.

फक्त एक पथ्य पाळा. आपल्याकडे खोट शोधायची तर आधी मुलीत शोधतात. म्हणून पहिला रिपोर्ट मुलाचा असू द्या. प्रयोगशाळेत सीबीसी आणि एचपीएलसी, एवढंच मागायचं. मुलगा वाहक नसेल, तर त्या आजाराची मोठी भीती तिथेच संपते. असेल, तर मुलीची तपासणी आणि मग डॉक्टरांचा सल्ला. रिपोर्ट दोघांपुरता ठेवायचा, मोहल्ल्यात फिरवायचा नाही.

हॉल, बिर्याणी, शेरवानी यांची यादी आपण महिनोन्महिने आधी करतो. माझं म्हणणं एवढंच : साखरपुड्याची तारीख धरण्याआधी, त्या यादीत सगळ्यात वर हा रिपोर्ट लिहा. इथल्या मुलांपासून सुरुवात करू.