जुनी मोटार आणि अनामिक हात



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला, की बोनस, महागाई भत्ता, नाहीतर कंत्राटी पद्धत, एवढेच ऐकायला मिळणार असा श्रोत्यांचा अंदाज असतो. आज मी बोलणार आहे जुन्या स्पोर्ट्स मोटारीतून केलेल्या लांबच्या प्रवासाविषयी. 'श्रीमंतांच्या या छंदाशी तुमचा काय संबंध?' असे कोणी मनात म्हणत असेल. संबंध आहे, आणि तो त्या मोटारीच्या बॉनेटखाली आहे.

सन 2023 मध्ये अहमदाबादच्या ठाकोर कुटुंबातील तीन पिढ्या आपली 1950 सालची एम. जी. मोटार घेऊन इंग्लंडला निघाल्या. मोटारीचे लाडके नाव 'लाल परी'. अहमदाबादहून मुंबईला येणारा महामार्ग आपल्याच चारोटी नाक्यावरून आणि मनोरवरून जातो. मुंबईहून दुबईपर्यंत जहाज, पुढे पश्चिम आशिया आणि युरोप, असा तेरा हजारांहून अधिक किलोमीटरांचा प्रवास करून ही मोटार ॲबिंग्डन या गावी पोहोचली. तेच तिचे जन्मगाव. माहेरवाशीण त्र्याहत्तराव्या वर्षी माहेरी गेली म्हणा ना!

ह्या जातीला वाय. टी. म्हणतात. 1948 ते 1950 या काळात अशा हजार मोटारीदेखील बनल्या नाहीत. अंग चारचौघांना बसता येईल अशा उघड्या सहलीच्या गाडीचे. पण इंजिन टी. सी. नावाच्या स्पोर्ट्स मोटारीचे, 1,250 सी. सी.चे, दोन कार्बुरेटरांचे. तारापूरच्या वसाहतीतले जे फिटर आणि टर्नर इथे बसले आहेत, त्यांच्यासाठी या इंजिनाची एक गंमत सांगतो. त्याच्या नटबोल्टांचे आटे मेट्रिक, पण बोल्टाची डोकी मात्र व्हिटवर्थ मापाची. असे का? तर कॉव्हेंट्रीचा हा इंजिनांचा कारखाना मुळात हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा. 1923 मध्ये तो मॉरिस यांनी घेतला. यंत्रे फ्रेंच मापाची, ती कोण बदलणार? पण इंग्लंडमधल्या मेकॅनिकच्या पेटीत पाने होते ते व्हिटवर्थचे. म्हणून बोल्टाचे डोके त्या पान्याला बसेल असे केले. कामगाराच्या हातातले हत्यार काय आहे, हे ध्यानात घेऊन यंत्र घडवले गेले, त्याचा हा पुरावा सत्तर वर्षांनंतरही बोल्टाच्या डोक्यावर उभा आहे.

अशी मोटार लांब पल्ल्यावर न्यायची म्हणजे नुसते पेट्रोल भरून भागत नाही. कडक उन्हात पेट्रोलची वाफ नळीतच अडकते आणि चालती गाडी बंद पडते. घाट उतरताना जुने ड्रम ब्रेक तापतात आणि त्यांची पकड ढिली होते. आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या कुजतात. हे सारे आवाजावरून, वासावरून, हाताला लागणाऱ्या उष्णतेवरून ओळखणारा माणूस लागतो. ते ज्ञान पुस्तकात थोडे आणि बोटांत फार असते.

याचे जुने उदाहरण पाहा. 1907 साली पेकिंगहून पॅरिसपर्यंत मोटारींची शर्यत झाली. इटलीचे राजपुत्र बोर्गेझे 10 जूनला निघाले आणि 10 ऑगस्टला पॅरिसला पहिले आले. त्यांचे नाव जगाला ठाऊक झाले. सोबतच्या गुइझार्दी या मेकॅनिकचे नाव थोड्यांना ठाऊक. आणि रशियात लाकडी चाक मोडले, तेव्हा कुऱ्हाड हातात घेऊन नवे चाक घडवून देणारा खेडेगावचा सुतार? त्याचे नाव कोण सांगतो? त्याच्या चाकावरून मात्र मोटार पुढे गेली!

आता ॲबिंग्डनकडे परत वळू. लाल परी जन्मगावी पोहोचली खरी, पण तिला जन्म देणारा कारखाना तिथे नव्हता. सप्टेंबर 1979 मध्ये तिथे कारखान्याच्या पन्नाशीचा उत्सव झाला, आणि उत्सव संपतो न संपतो तोच कारखाना बंद करण्याची घोषणा झाली. ऑक्टोबर 1980 मध्ये फाटक बंद झाले. नाव तेवढे उरले. ते आज शांघायच्या कंपनीकडे आहे, आणि त्या नावाच्या मोटारी गुजरातेत हालोललाही बनतात. नाव विकता येते, मंडळी. हातातली विद्या विकत घेऊन कपाटात ठेवता येत नाही.

आपल्याकडेही हेच घडले. वालचंद हिराचंद यांनी स्थापलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट, पुढे पद्मिनी, निघाली. ती बनणे बंद झाल्यावरही मुंबईच्या गल्लीबोळांतल्या मेकॅनिकांनी टॅक्सी म्हणून ती चालती ठेवली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. म्हणून 30 ऑक्टोबर 2023 रोजी शेवटच्या पद्मिनीचाही परवाना संपला. त्याच ऑक्टोबरात त्र्याहत्तर वर्षांची मोटार परदेशी हारतुरे घेत होती. 2021 सालच्या केंद्राच्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या मोटारीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी आणि 'व्ही. ए.' ही खास अक्षरे मिळतात. तिने धंदा मात्र करायचा नाही. म्हणजे छंदाची गाडी पन्नाशीत वारसा होते आणि पोटाची गाडी विसाव्या वर्षी भंगार! धुराचा प्रश्न खोटा नाही, प्रवाशाच्या जिवाचाही नाही. टॅक्सी रोज दिवसभर चालते, हेही मला कळते. माझे भांडण मोटारीशी नाही, तिच्या मालकांशी तर नाहीच. त्यांनी जुनी वस्तू जिवापाड जपली, हे कौतुकाचेच आहे.

माझे मागणे एवढेच. जुन्या मोटारीची नोंद होते, तशी तिला जिवंत ठेवणाऱ्या हातांचीही व्हावी. बोईसरच्या एखाद्या गॅरेजात किंवा निवृत्त फिटरच्या ओसरीवर जी विद्या बसून आहे, तिच्यापाशी दोन पोरे शिकायला बसवा. व्याख्यानमालेने गावोगावच्या अशा कारागिरांची यादी करावी, पहिले नाव आपल्या चिंचणीचे घालावे. मोटारीला सुटा भाग एक वेळ घडवून मिळेल. घडवणारा हात एकदा गेला, की तो कुठल्याच दुकानात मिळत नाही.