सराईवरची पाटी : आरंभीच्या अमेरिकन कथेतील स्वच्छंदतावाद

अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात तर्कबुद्धीच्या एकछत्री सत्तेविरुद्ध जी वाङ्मयीन चळवळ उभी राहिली, आणि जिने भावना, कल्पनाशक्ती, निसर्ग व अद्भुत यांना पुन्हा मानाचे स्थान दिले, तिला मराठी समीक्षेत स्वच्छंदतावाद म्हणतात. गतकाळाची ओढ हा या वृत्तीचा प्राण. आणि अमेरिकन लेखकाची अडचण नेमकी तिथेच होती. युरोपात पडके किल्ले, ओसाड मठ आणि पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेलेल्या दंतकथा हाताशी होत्या. १७७६ साली स्वातंत्र्य जाहीर केलेल्या या देशाला मात्र आपल्याजवळ जुने असे काही नाही असे वाटत होते. मूळ रहिवाशांच्या प्राचीन परंपरा तिथे होत्याच, पण त्या आपल्या मानण्याची गोऱ्या वसाहतकऱ्यांची तयारी नव्हती, हेही येथे नोंदवले पाहिजे.

वॉशिंग्टन अर्व्हिंग याने १८१९ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘रिप व्हॅन विंकल’ ही कथा या उणिवेला दिलेले पहिले समर्थ उत्तर होय. घरचा व्यापार बुडाल्यावर इंग्लंडमध्ये राहत असताना त्याने एका जर्मन लोककथेचा सांगाडा उचलला आणि तो हडसन नदीकाठच्या कॅट्सकिल डोंगरांत नेऊन बसवला. तिथे जुन्या डच वेशातील गूढ माणसांचे पेय पिऊन रिप झोपी जातो आणि वीस वर्षांनी गंजलेली बंदूक घेऊन गावात परततो. सराईच्या पाटीवर पूर्वी राजा तिसरा जॉर्ज याचे चित्र असे. चेहरा अजूनही तोच आहे, पण लाल कोट निळा झाला आहे, राजदंडाच्या जागी तलवार आली आहे आणि खाली जनरल वॉशिंग्टन हे नाव रंगवले आहे. एवढी मोठी राज्यक्रांती, पण चित्रकाराने तोंडसुद्धा बदललेले नाही! अद्भुताचा उपयोग येथे निव्वळ विस्मयासाठी नाही. त्या झोपेमुळेच, जेमतेम एका पिढीपूर्वीचा काळ धुक्यात हरवलेल्या दंतकथेइतका दूर जातो.

नॅथॅनिएल हॉथॉर्नला असे अंतर निर्माण करावे लागले नाही, कारण त्याचा गतकाळ त्याच्या घराण्यातच होता : १६९२ च्या सेलम येथील चेटूक-खटल्यांत न्यायासनावर बसलेला जॉन हॅथॉर्न हा त्याचा पूर्वज. ‘यंग गुडमन ब्राउन’ या १८३५ च्या कथेत रात्रीच्या अरण्यात नायकाच्या पत्नीच्या टोपीची गुलाबी फीत वरून तरंगत येऊन फांदीला अडकते, आणि तेवढ्याने त्याची माणसांवरची श्रद्धा ढासळते. पत्नीचे नाव ‘फेथ’, म्हणजे श्रद्धाच, असल्याने ती फीत रूपक ठरते. तरीही ती हाताला लागणारी साधी फीतच राहते, यात हॉथॉर्नचे खरे सामर्थ्य आहे.

याच हॉथॉर्नच्या कथांचे १८४२ मध्ये परीक्षण करताना एडगर अ‍ॅलन पो याने कथेतील प्रत्येक शब्द एकाच पूर्वनियोजित परिणामासाठी राबला पाहिजे, असा सिद्धान्त मांडला. त्याआधी, १८३९ मध्येच, ‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर’ या कथेत त्याने तो आचरला होता. हा वाडा कोणत्या देशात आहे हे पो सांगत नाही. आरंभी त्याच्या भिंतीत छतापासून तळ्यापर्यंत उतरलेली, जेमतेम दिसणारी एक वेडीवाकडी भेग असते. वाचक तिला विसरून गेलेला असतो, आणि शेवटी त्याच भेगेतून रक्तवर्णी चंद्र दिसू लागतो.