सही करण्याआधी सातबारा बघा

काशीद-नांदगावकडे मुंबईची माणसं वाडीचा भाव विचारत फिरतात. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात आपल्या पोफळी आडव्या झाल्या. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं जातात, मग विकायचा मोह होणारच. पण आम्ही गटातल्या बायका आधी सातबारा काढून बघतो. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच, हे हिंदू वारसा कायद्यात २००५ साली आलं. तरी गणपतीला माहेरी गेलं की भाऊ म्हणतो, "ताई, उद्या जरा तालुक्याला येऊन सही कर." ते हक्कसोडपत्र असतं, बरं का! एकदा नोंदवलं की मोडणं फार कठीण. कागद आधी मागून घ्या, वाचून घ्या. आमच्यातल्या दोघींनी सही केली नाही. एकीचा भाऊ अजून बोलत नाही.