आरशाच्या चौकटीचा सांधा



घराबाहेर पडताना आपण आरशात तोंड पाहतो. चौकटीच्या कोपऱ्याकडे कोणी पाहत नाही. आम्हां ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या काही कामगारांची रोजी मात्र त्या कोपऱ्यातच आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली, नवी मुंबई वसू लागली, तसे घरोघर आरसेही लागले.

चौकोनी चौकटीसाठी ॲल्युमिनियमच्या चार पट्ट्यांची टोके ४५ अंशांत कापतात, पोकळीत काटकोनी तुकडा सरकवतात आणि स्क्रूने आवळतात. षट्कोनाला कापाचा कोन ३० अंश, अष्टकोनाला साडेबावीस. हिशेब सोपा: बाजूंच्या दुपटीने ३६० ला भागावे. पण षट्कोनात काप होतात १२. प्रत्येक काप अर्धा अंश कमी पडला, तर शेवटच्या सांध्याशी ६ अंशांची फट उरते! गोल चौकटीला सांधा एकच. पट्टी रोलरमधून वाकवायची, टोके वेल्डिंगने जोडायची आणि कानशीने घासून तो सांधा दिसेनासा करायचा.

इतके जाणणाऱ्या माणसाची हजेरीपटावर नोंद काय? ‘हेल्पर’!

एका कारखान्यात वाटाघाटी अडल्या, तेव्हा आम्ही भाषण केले नाही. म्हटले, “साहेब, करवतीचा कोन आज आपण लावून द्या, आम्ही जोडतो.” पाच सांधे बसले, सहावा मिटेना. साहेब बराच वेळ त्या फटीकडे पाहत राहिले. पुढच्या बैठकीत चौघांची नोंद ‘कुशल’ झाली.

आज घरी गेल्यावर आरशाच्या कोपऱ्यावरून बोट फिरवून पाहा. बोट अडले नाही, तर तिथे कोणाचा तरी हात फिरला आहे, एवढे ध्यानात ठेवा.