विष गाळायचं की मोडायचं?



विमानतळावर इंधन पेटलं, तर नुसत्या पाण्यानं भागत नाही. फेस फवारावा लागतो. या फेसात अनेक दशकं ‘पीएफएएस’ नावाची फ्लोरिनयुक्त रसायनं वापरली गेली. आग विझली, फेस जमिनीत मुरला आणि भूजलात उतरला. कार्बन आणि फ्लोरिनचा बंध मोठा चिवट. उन्हापावसाला ही रसायनं दाद देत नाहीत, जिवाणूंनाही सहसा पचत नाहीत. अमेरिकेनं २०२४ साली पिण्याच्या पाण्यासाठी यातल्या दोन रसायनांची मर्यादा ठरवली, ती प्रत्येकी शंभर कोटी लिटरमागे अवघे चार ग्रॅम!

सक्रिय कोळशातून पाणी गाळलं, की ही रसायनं अडकतात खरी. पण विष पाण्यातून निघून कोळशात गेलं एवढंच. त्या कोळशाचं पुढे काय करायचं, हा प्रश्न उरतोच.

न्यूयॉर्क राज्यातल्या क्लार्कसन विद्यापीठातल्या संशोधकांनी हे विष मोडण्यासाठी प्लाझ्माचा उपाय शोधला. वायूला विजेचा जबर दाब दिला, की अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात, हाच प्लाझ्मा. आकाशात कडाडणारी वीजही प्लाझ्माच. त्यांच्या यंत्रात पाण्यातून अरगॉन वायूचे बुडबुडे सोडतात. पीएफएएसचा स्वभाव साबणाचा: रेणूचं एक टोक पाण्याला धरून, दुसरं पाण्यापासून पळणारं. म्हणून ते बुडबुड्यांना चिकटून वर येतात. वर, अगदी पाण्याच्या पृष्ठभागावर, ठिणग्या नाचत असतात. त्यांतले इलेक्ट्रॉन आणि आयन या रेणूंच्या साखळ्या तोडतात. फ्लोरिन सुटून साधं फ्लोराइड होतं. २०१९ साली ओहायोतल्या राइट-पॅटरसन हवाई तळावर ट्रेलरमधून हे यंत्र नेलं आणि तिथल्या दूषित भूजलावर चालवून पाहिलं.

अडचणी आहेतच. आखूड साखळीची रसायनं सहजी वर येत नाहीत; त्यांना ओढून आणायला पाण्यात आणखी एक साबणी रसायन घालावं लागतं. शिवाय वीज खर्च होते. अख्ख्या शहराचं सांडपाणी असं शुद्ध करणं परवडायचं नाही. तेव्हा आधी इतर उपायांनी विष थोड्या पाण्यात गोळा करावं आणि तेवढ्यावर प्लाझ्मा चालवावा, हे शहाणपणाचं. गाळणी आणि ठिणगी एकमेकींच्या सवती नव्हेत.

पाणी शुद्ध केलं, असं कुणी सांगितलं की आपण एवढंच विचारावं: त्यातली घाण गेली कुठे?